ठिपक्यांचा हिशेब

इ. स. 1902 मधील मार्च महिना. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एक सव्वीस वर्षांचा तरुण अध्यापक नवशिक्या विद्यार्थ्यांना रसायनशास्त्र शिकवीत होता. विषय होता मूलद्रव्यांच्या स्वभावाचा. काही मूलद्रव्ये दुसऱ्याशी संयोग पावण्यास उतावीळ असतात. काही जन्मभर अलिप्त राहतात. सोडियम आणि क्लोरीन एकत्र आले की त्यांचे मीठ होते. निऑन मात्र कोणाशीच मैत्री करीत नाही. असे का व्हावे? पुस्तकात नियम होता, पण कारण नव्हते. विद्यार्थ्यांच्या मुद्रेवरचा संभ्रम पाहून या अध्यापकाने एक चित्र कल्पिले. अणू म्हणजे खेळातील फाशासारखा एक चौकोनी ठोकळा आहे, आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉन बसलेले आहेत, असे समजा. ज्याचे आठही कोपरे भरलेले, तो तृप्त. सोडियमच्या एकाच कोपऱ्यावर इलेक्ट्रॉन आहे. क्लोरीनचे सात कोपरे भरले असून एक रिकामा आहे. सोडियमने आपला एक दिला, क्लोरीनने तो घेतला, की दोघांचेही काम झाले.

ही चित्रे त्याने एका कागदावर काढली, त्यावर 28 मार्च 1902 ही तारीख घातली आणि तो कागद ठेवून दिला. पुढे चौदा वर्षे ती कल्पना अप्रकाशित राहिली. या अध्यापकाचे नाव गिल्बर्ट न्यूटन लुइस.

लुइस यांचा जन्म ऑक्टोबर 1875 मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेमथ या गावी झाला. वडील वकील होते. गिल्बर्ट तीन वर्षांचा असतानाच वाचू लागला. तो नऊ वर्षांचा झाला तेव्हा हे कुटुंब दूर पश्चिमेकडे नेब्रास्का राज्यातील लिंकन नगरात राहावयास गेले. तेरा-चौदा वर्षांचा होईपर्यंत त्याचे शिक्षण बहुतेक घरीच, आईवडिलांच्या देखरेखीखाली झाले. शाळेच्या घंटेची आणि छडीची ओळख उशिरा झाल्यामुळेच की काय, दुसरा सांगतो म्हणून एखादी गोष्ट मान्य करावी ही सवय त्याला कधी लागली नाही. सारे आयुष्य शाळेत घालविलेल्या माणसाने हे लिहावे, हे थोडे विचित्र खरे. पण घडले ते असे.

नेब्रास्का विद्यापीठात दोन वर्षे काढून 1893 साली ते हार्वर्डला आले. 1896 मध्ये ते पदवीधर झाले, एक वर्ष त्यांनी शाळेत अध्यापन केले आणि 1899 साली डॉक्टरची पदवी मिळविली. मग जर्मनीस जाऊन लाइपत्सिग येथे ओस्टवाल्ड व गटिंगेन येथे नेर्न्स्ट या दोन नामांकित शास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी काम केले. यांतील ओस्टवाल्ड यांचा अणूंच्या अस्तित्वावरच त्या काळी विश्वास नव्हता! आज हे ऐकून आपणांस नवल वाटते. परंतु अणू कोणी पाहिलेला नव्हता. इलेक्ट्रॉनचा शोध केंब्रिज येथे टॉमसन यांनी लावला, त्याला अवघी पाच वर्षे होत होती. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते हे तर 1911 पर्यंत कोणास माहीत नव्हते. अशा वेळी अणूचे अंतरंग कागदावर रेखाटणे पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांना पोरखेळ वाटत असे. तो कागद लुइस यांनी का प्रसिद्ध केला नाही, हे यावरून ध्यानी येईल.

आणखीही एक कारण होते, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. ते चित्र अपुरे होते. मिठाचे कोडे त्याने सुटे. पण हायड्रोजन वायूचे काय? त्याच्या रेणूत हायड्रोजनचेच दोन अणू एकमेकांना चिकटलेले असतात. दोघेही सारखे. मग इलेक्ट्रॉन द्यायचा कोणी आणि घ्यायचा कोणी? दोन समान दरिद्री माणसांत सावकार कोण ठरवावा? रसायनशास्त्रज्ञ अशा दोन अणूंच्या मध्ये एक आडवी रेघ काढीत आणि तिला बंध म्हणत. ती रेघ खरोखर कशाची बनलेली आहे, हे मात्र कोणीच सांगू शकत नसे.

हार्वर्डमध्ये त्यांचे मन रमले नाही. 1904 साली ते फिलिपीन बेटांवरील मनिला शहरी वजनमापांचे सरकारी अधिकारी म्हणून गेले. वर्षभराने परत येऊन त्यांनी बॉस्टन येथील तंत्रविज्ञानाच्या विख्यात संस्थेत सात वर्षे काम केले. उष्णता आणि रासायनिक क्रिया यांच्या संबंधाची अत्यंत काटेकोर मोजमापे त्यांनी येथे केली. 1912 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना बर्कले येथे रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून बोलाविले. पुढील चौतीस वर्षे, म्हणजे अखेरच्या दिवसापर्यंत, बर्कले हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

तेथे आठवड्यातून एकदा सर्व अध्यापक व संशोधक विद्यार्थी एका दालनात जमत. एकाने आपले काम मांडावयाचे आणि इतरांनी त्यावर प्रश्न विचारावयाचे. कोणीही, अगदी नवखा विद्यार्थीदेखील, प्रमुखांच्या मताला हरकत घेऊ शकत असे. नवागत विद्यार्थ्यांचे वर्ग ज्येष्ठ प्राध्यापकांकडे देण्याचीही तेथे प्रथा होती. पुष्कळ ठिकाणी याच्या अगदी उलट रीत असते.

1916 साली जुन्या कल्पनेला नवे रूप मिळाले. त्या वर्षी लुइस यांनी अणू आणि रेणू यांविषयीचा आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य विचार एका वाक्यात सांगता येतो: दोन अणूंमधील बंध म्हणजे दोघांनी सामाईक ठेवलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी. कोणी दाता नाही, कोणी याचक नाही. हायड्रोजनचे दोन अणू आपापला एकेक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात आणि ती जोडी दोघांचीही होते. इतकी वर्षे काढली जाणारी ती गूढ रेघ म्हणजे ही जोडी होय. कित्येकदा दोन जोड्या सामाईक असतात, तेव्हा दुहेरी बंध होतो. तीन असल्या, तर तिहेरी.

आपल्या खेड्यांत दोन शेतांच्या बांधावर एखादे आंब्याचे झाड असते. त्याच्या सावलीत दोन्ही शेतकरी बसतात. सावलीपुरते पाहिले तर ते अख्खे झाड याचेही आहे आणि त्याचेही आहे. सामाईक जोडी अशीच असते. कर्ब म्हणजे कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांसारखे अणू आपल्याभोवतीचे आठ इलेक्ट्रॉन मोजताना ती जोडी पुरती आपल्या बाजूस धरतात. हायड्रोजनला मात्र दोनच पुरतात.

येथे लुइस यांच्या स्वभावाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन ठोकळे एका कडेने जोडले की एकेरी बंध दाखविता येई. एका बाजूने जोडले की दुहेरी. पण तिहेरी बंध ठोकळ्यांनी दाखविणे कोणत्याही युक्तीने जमेना. नायट्रोजन वायूच्या रेणूत तर तिहेरी बंध असतो. ज्या चित्रावर चौदा वर्षे जीव जडला, त्याच्या आड निसर्गच आला. लुइस यांनी ठोकळा सोडून दिला आणि जोडी ठेवली. याच निबंधात त्यांनी एक साधी खूण सुचविली. मूलद्रव्याची संज्ञा लिहावी आणि तिच्याभोवती सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनांसाठी ठिपके मांडावेत. दोन संज्ञांच्या मधले दोन ठिपके, तो बंध. दिवाळीत अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या मुलींना ही लिपी सहज उमगेल.

तेव्हा महायुद्ध चालू होते. 1918 साली लुइस फ्रान्समध्ये गेले आणि विषारी वायूंपासून सैनिकांचे रक्षण कसे करावे, याचे शिक्षण देण्याचे काम त्यांनी केले. इकडे त्यांच्या कल्पनेला दुसराच एक समर्थ प्रवक्ता लाभला. अर्व्हिंग लँगम्यूर हे एका मोठ्या विद्युत् कंपनीच्या प्रयोगशाळेतील प्रतिभावान शास्त्रज्ञ. 1919 पासून त्यांनी सामाईक जोडीच्या सिद्धांताचा विस्तार केला आणि ठिकठिकाणी व्याख्याने देऊन तो लोकप्रिय केला. लँगम्यूर यांनी आपल्या लेखनात लुइस यांचे ऋण मान्य केले होते. तथापि श्रोत्यांच्या ध्यानात राहतो तो बोलणारा. लुइस मितभाषी आणि परक्यांच्या सभेत संकोचणारे होते, तर लँगम्यूर यांचे वक्तृत्व ओघवते होते. हळूहळू लोक या विचाराला लँगम्यूर यांचा सिद्धांत म्हणू लागले. याचे लुइस यांना दुःख झाले. दोघांत पत्रव्यवहारही झाला. एवढे मात्र खरे की, लँगम्यूर यांनी जे भर घालून दिले ते लहान नव्हते, आणि त्यातीलच एक गोष्ट आता पाहावयाची आहे.

ठिपके मांडता येऊ लागले, तशी एक नवीनच अडचण उभी राहिली. एकाच रेणूची चित्रे अनेक प्रकारे काढता येत आणि प्रत्येकात सर्व अणूंभोवती आठ ठिपके नीट बसत. मग खरे चित्र कोणते? 1921 साली लँगम्यूर यांनी असा विचार मांडला की, प्रत्येक अणूच्या वाट्याला किती विद्युद्भार उरतो हे मोजावे. तो जितका कमी, तितकी ती रचना संभवनीय. या भाराला आज औपचारिक भार असे म्हणतात. त्याचा हिशेब तुम्हांलाही सहज करता येईल.

पुन्हा बांधावरच्या आंब्याकडे चला. सावली दोघांची पुरती असली, तरी आंब्यांची वाटणी करावयाची झाल्यास निम्मे याला आणि निम्मे त्याला. औपचारिक भार काढताना सामाईक जोडीची अशीच वाटणी करतात, म्हणजे प्रत्येक बंधामागे अणूच्या पदरात एक इलेक्ट्रॉन पडतो. जे ठिपके सामाईक नाहीत, ते सर्व त्याचेच. ही बेरीज करावी. मग तो अणू एकटा असताना त्याच्याजवळ बाहेरचे किती इलेक्ट्रॉन होते ते पाहावे: हायड्रोजनजवळ 1, कर्बाजवळ 4, नायट्रोजनजवळ 5, ऑक्सिजनजवळ 6. मूळच्या संख्येतून ही बेरीज वजा करावी. जी बाकी उरेल, तो औपचारिक भार. इलेक्ट्रॉनचा भार ऋण असतो. म्हणून अणूजवळ मूळच्यापेक्षा इलेक्ट्रॉन अधिक झाले तर बाकी ऋण येते आणि कमी झाले तर धन.

आपण श्वासावाटे जो वायू बाहेर सोडतो तो कार्बन डायऑक्साइड घ्या. मध्ये कर्ब, दोन बाजूंना ऑक्सिजन, आणि दोन्हीकडे दुहेरी बंध. प्रत्येक ऑक्सिजनजवळ स्वतःचे चार ठिपके आहेत आणि दोन बंधांचे दोन, म्हणजे सहा. मूळचेही सहाच. बाकी शून्य. कर्बाजवळ चार बंधांचे चार, मूळचे चार, बाकी शून्य. आता एक ऑक्सिजन मध्ये घेऊन कर्ब टोकाला बसवून पाहा. कर्बाजवळ स्वतःचे चार आणि बंधांचे दोन असे सहा होतात. त्याची बाकी ऋण 2. मधल्या ऑक्सिजनजवळ बंधांचे चारच राहतात. त्याची बाकी धन 2. आठाचा नियम येथेही पाळला गेला आहे, पण जमाखर्च बिघडला. निसर्गात कर्ब मध्येच असतो.

याहून मौजेचे उदाहरण नायट्रस ऑक्साइडचे आहे. दात काढताना वेदना कमी व्हाव्यात म्हणून ज्याचा उपयोग करतात, तोच हा हसविणारा वायू. यात नायट्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक असतो. कोणालाही वाटेल की ऑक्सिजन मध्ये असावा आणि दोन नायट्रोजन दोन हातांसारखे दोन बाजूंस असावेत. चित्र तसेच अधिक शोभते. हिशेब करून पाहू. दोन्हीकडे दुहेरी बंध काढले, तर टोकाच्या प्रत्येक नायट्रोजनजवळ सहा इलेक्ट्रॉन होतात, म्हणजे ऋण 1. आणि मधल्या ऑक्सिजनजवळ चार राहतात, म्हणजे धन 2. आता नायट्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन असे ओळीने बसवा आणि दुहेरी बंध तसेच ठेवा. टोकाचा नायट्रोजन ऋण 1, मधला धन 1, ऑक्सिजन शून्य. भार पुष्कळ कमी झाला. दोन नायट्रोजनांमध्ये तिहेरी बंध व ऑक्सिजनकडे एकेरी बंध काढला, तर टोकाचा नायट्रोजन शून्य, मधला धन 1 आणि ऑक्सिजन ऋण 1 होतो. या शेवटच्या दोन चित्रांत भाराची मात्रा सारखीच आहे. इलेक्ट्रॉनांना अधिक ओढणारा अणू ऑक्सिजन असल्याने ऋण भार त्याच्याकडे असणे अधिक रास्त. तरीही खरा रेणू या दोन चित्रांच्या मध्ये कोठे तरी असतो असे मानतात. वर्णपटाच्या अभ्यासाने पुढे निश्चित झाले की, या वायूत ऑक्सिजन मध्ये नसून टोकालाच असतो. डोळ्याला सुंदर वाटलेले चित्र खोटे ठरले आणि वजाबाकी खरी ठरली.

उत्तर बरोबर आहे की नाही, हे ताडण्याचा एक मार्ग आहे. एका रेणूतील सर्व औपचारिक भारांची बेरीज त्या रेणूच्या एकूण भाराइतकी आली पाहिजे. वरच्या सर्व उदाहरणांत ती शून्य येते की नाही, ते पडताळून पाहा.

तथापि या हिशेबाला औपचारिक म्हणतात ते उगीच नव्हे. वाटणी निम्मी-निम्मी झाली असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एखादा अणू जोडीला आपल्याकडे अधिक ओढीत असतो. कोळशाच्या शेगडीतून निघणारा घातक वायू कार्बन मोनॉक्साइड पाहा. त्यातील तिहेरी बंधाच्या चित्रात कर्बावर ऋण 1 आणि ऑक्सिजनवर धन 1 भार येतो. प्रयोगाने मोजलेला भार मात्र फारच अल्प असतो. वहीतला जमाखर्च आणि पेटीतली रोकड यांत असा फरक पडतो. असे असले तरी वही ठेवल्यावाचून व्यवहार चालत नाही, हे व्यापाऱ्याच्या घरातल्या मुलाला सांगावे लागत नाही.

1923 साली लुइस यांनी आपले सर्व विचार एका ग्रंथात एकत्र केले. 1902 सालचा तो जुना कागद त्यांनी त्यात जसाच्या तसा छापला. त्याच ग्रंथात त्यांनी आठाच्या नियमाला अपवाद असल्याचे मोकळेपणाने नमूद केले. गंधकाच्या एका संयुगात गंधकाभोवती सहा फ्लोरीन अणू असतात. तेथे आठाने भागत नाही. म्हणून आठाच्या नियमापेक्षा दोनाचा, म्हणजे जोडीचा, नियम अधिक मूलभूत आहे असे त्यांनी प्रतिपादन केले. ज्या नियमासाठी आपले नाव घेतले जाते, त्याच्या मर्यादा स्वतःच दाखविणारे लेखक फार थोडे.

त्यांच्या इतर कामांची नोंद थोडक्यात करतो. उष्णतागतिकीवरील त्यांचा ग्रंथही 1923 सालचाच. 1926 साली प्रकाशाच्या कणाविषयी त्यांनी एक कल्पना मांडली. ती टिकली नाही. परंतु तिच्यासाठी योजिलेला फोटॉन हा शब्द जगभर रूढ झाला. भाषेच्या शिक्षकाला ही गोष्ट विशेष गोड वाटते. 1933 साली त्यांनी जड पाणी जवळजवळ शुद्ध स्वरूपात मिळविले आणि त्याचे नमुने इतर संशोधकांनाही दिले.

1932 साली लँगम्यूर यांना दुसऱ्या एका कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. 1934 साली ते युरी यांना मिळाले. हे युरी बर्कलेचेच विद्यार्थी. पुढे जिओक, सीबॉर्ग, लिबी अशा बर्कलेत घडलेल्या आणखी काही जणांना तो मान लाभला. लुइस यांचे नाव चाळीसहून अधिक वेळा सुचविले गेले, पण पारितोषिक त्यांना कधीच मिळाले नाही. त्याची कारणे पुष्कळांनी पुष्कळ सांगितली आहेत. काही असो, 1939 साली लायनस पॉलिंग यांनी रासायनिक बंधावरील आपला विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला, तो लुइस यांनाच अर्पण केलेला होता. अणूवरील भार शून्याच्या जवळ राहू पाहतो, या तत्त्वाला 1948 साली अधिक नेमके रूप दिले तेही पॉलिंग यांनीच.

ते पाहावयास लुइस राहिले नव्हते. 1941 साली प्रमुखपदावरून निवृत्त झाल्यावरही ते रोज प्रयोगशाळेत जात. काही पदार्थ प्रकाश शोषून घेतल्यावर अंधारातही काही काळ का चमकत राहतात, या प्रश्नाने त्यांना शेवटच्या वर्षांत झपाटले होते, आणि तरुण विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी त्याचे उत्तरही बरेचसे शोधून काढले. 23 मार्च 1946 रोजी दुपारी ते नेहमीप्रमाणे एका प्रयोगास लागले. काही वेळाने एक विद्यार्थी आत गेला, तेव्हा सत्तर वर्षांचे लुइस आपल्या प्रयोगाच्या टेबलापाशी निश्चेष्ट पडलेले त्याला आढळले. हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले होते.